टर्कीला न भाजलेला मसाला

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमचं अख्खं घर पथारीवर असायचं. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. व्यापारी तिथे लाल मिरची वाळत घालतात. बापू पोती उचलायचे, माय आणि आम्ही तिघी बहिणी देठ खुडायचो. दिवसभर. डोळ्याला हात लावायचा नाही, नाक पुसायचं तर खांद्याने. संध्याकाळी बोटं अशी पेटायची की आम्ही भाकरीसुद्धा चमच्याने तोडायचा प्रयत्न करायचो. शेजारीण म्हणायची, "बघा, मेमसाहेब जेवायला बसल्या." हंगामात शाळा अर्धीच व्हायची आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात माझ्या बाकावरच्या पोरी माझ्या कपड्यांमुळे शिंकत राहायच्या. मास्तर मला दाराशी बसवायचे. दाराशी बसून मी गणितात पहिली आले, हे मी आजही सांगते, आणि विचारलं नाही तरी सांगते.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, फूड टेक्नॉलॉजीची पदवी मिळाली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बापूंनी निकालाचा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "यात काय शिकवतात?" मी म्हटलं, "खायच्या वस्तू कशा बनवायच्या ते." ते मायकडे बघून म्हणाले, "तुला कुणी शिकवलं गं?"

दुबईत आले तेव्हा वाटलं, आता बनवणार. पण मला मिळालं थर्मामीटर. एका मोठ्या सेंट्रल किचनमध्ये मी हायजीन बघते. इथून मुहैस्नाहच्या कामगार वस्त्यांना रोजचं जेवण जातं आणि डिसेंबरात कंपन्यांच्या पार्ट्यांचं. फ्रीज चार डिग्रीच्या खाली आहे का, चिकन आतून चौऱ्याहत्तरला पोचलं का, हे तपासायचं आणि लिहायचं. सहा वर्षं लिहिलं. नवे पदार्थ तयार करणाऱ्या विभागात, प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये, जागा निघाली की मी अर्ज करायची. दोनदा केला. दोन्ही वेळा मॅनेजर बाईंनी गोड हसून सांगितलं की रेकॉर्डमध्ये तुझ्यासारखं कुणी नाही. या कौतुकाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी आले तरी बसवत नसे. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलपासून किचनपर्यंत बारा पावलं आहेत. नवरा म्हणायचा, "अगं, फरशी झिजेल. भाड्याची आहे."

मग त्या ऑक्टोबरात एक गोष्ट झाली. दर डिसेंबरला आमच्याकडून धुरावर शिजवलेली टर्की जाते. तिच्यावर चोळायचा कोरडा मसाला परदेशातून डब्यांत यायचा. तो बनवणाऱ्यांनी बंद केला. मीटिंगमध्ये मोठे शेफ म्हणाले की दुसऱ्या कुणाचा तरी मागवू. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बनवते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेकॉर्डवाली बोलली.

मॅनेजर बाईंनी डोकं तिरकं करून विचार केला आणि म्हणाल्या, "ओके. दोन आठवडे. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी टेस्टिंग. एका टर्कीला नवा विकतचा मसाला, दुसरीला तुझा. तुझा निवडला गेला तर त्या जागेबद्दल बोलू." मी विचारलं, "आणि नाही निवडला तर?" त्या म्हणाल्या, "तर पुन्हा विचारू नकोस, प्लीज."

त्या दिवशी घरी येताना मी दोन वेळा चुकीच्या एक्झिटने बाहेर पडले.

मायला फोन लावला. टर्की म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. "कोंबडीच, पण आठ किलोची." "आठ किलोची कोंबडी? ती तर बकरी झाली!" मग ती कामाला लागली. मसाला म्हणजे तिचा प्रांत. खोबरं, धणे, दगडफूल, लवंग, मिरी, मिरची, एकेक जिन्नस वेगळा तेलावर काळसर भाजायचा. "हात आखडू नको. भाजणीतच सगळं आहे." मी तसंच केलं. रविवारी पंखा लावून, खिडक्या उघडून भाजत बसले. लेक नाकावर ओढणी धरून आली. "आई, इट स्मेल्स लाइक अ फायर ड्रिल." मी तिला म्हटलं, मिरचीच्या धुराला घाबरणारी पोरगी आमच्या घराण्यात जन्मलीच कशी. ती म्हणाली, "आय वॉज बॉर्न इन दुबई."

पहिला प्रयोग सोमवारी. आमचे मोठे शेफ केरळचे, तीस वर्षं इथे, हिंदी स्वतःच्या चालीने बोलणारे. त्यांनी माझा मसाला चिमटीत घेतला, बोटांवर तेल चमकलं. टर्कीवर चोळता चोळता मसाला कमी पडला. पाठीकडची बाजू उरली. मी काल भाजायला काढून ठेवलेले आणि न वापरलेले धणे-मिरची भरड कुटून पिशवीत आणले होते, का आणले होते ते मलाही ठाऊक नाही. खालची बाजू, दिसणार कुणाला, असं म्हणून तेच थापलं आणि टर्की स्मोकरमध्ये गेली.

सहा तास. मागच्या अंगणात स्मोकरचं लोखंडी कपाट उभं, खाली सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे धुमसत होते. मी अर्ध्या तासाने दार उघडलं. मग परत. मग परत. शेफ आतून ओरडले, "मॅडम! दरवाजा बंद करो. धुआँ भाग जाता है, गरमी भाग जाता है. टर्की भी भाग जाएगा." मी आत गेले, फ्रीजचं तापमान फ्रीझरच्या रकान्यात लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

टर्की बाहेर आली ती डांबरासारखी. शेफनी छातीचा तुकडा कापून दिला. मी चावला आणि गिळवेना. कडू. औषधासारखी कडू. शेफनी पाणी पुढे केलं आणि तेवढ्यावर थांबले, हे त्यांचे उपकार.

मी चिडून ती उलटी केली, निदान हाडापर्यंत शिजली का ते बघावं म्हणून. पाठीकडचं कातडं काळं नव्हतं. विटकरी होतं. तिथला एक तुकडा तोंडात टाकला. धण्याचा वास, मिरचीची धग, धुराची चव, सगळं वेगवेगळं कळत होतं. पुन्हा छातीचा तुकडा. कडू. पुन्हा पाठीचा. शेफलाही दिला. ते चावत राहिले आणि म्हणाले, "ये कौन सा?"

"कच्चा," मी म्हटलं. "भाजलेला नाही."

त्यांनी स्मोकरकडे हनुवटी केली. "भुना तो उसने."

एवढी साधी गोष्ट. आम्ही घरी मसाला भाजतो, कारण तो भाजीत दहा-वीस मिनिटं असतो. इथे तो सहा तास धुरात बसणार. मी भाजून आणलेल्याला धूर परत भाजत होता. हे मला चार वर्षं शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरी कढई हातात आल्यावर मी मायचीच लेक झाले.

त्या संध्याकाळी तिला सांगितलं तर ती उसळली. "कच्चा मसाला? पोटात कळ येईल लोकांच्या!"

"सहा तास शिजतो गं."

"आणि मीठ किती?"

"मीठ नाही."

हे दुसरं. गोठवलेल्या टर्कीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तिच्यात मिठाचं पाणी आधीच भरलंय. ती अक्षरं आमच्या किचनमध्ये वाचणारी मी एकटी. दर वर्षी लोक म्हणायचे टर्की खारट झाली आणि शेफ म्हणायचे लोकांना चव कळत नाही.

माय म्हणाली, "भाजणं नाही, मीठ नाही, खोबरं नाही. मग तो मसाला कसला? धूळ झाली ती."

मला लागलं. मी म्हटलं, "हो, धूळच करतेय." फोन ठेवला आणि बारा पावलं मोजत राहिले.

उरलेले दिवस मी बसले नाही. बाल्कनीत चादरीवर मिरच्या पसरल्या, दुपारी ऑफिसातून नवऱ्याला फोन करून त्या हलवायला लावल्या. "मी मीटिंगमध्ये आहे गं, मिरच्या कशा हलवू?" तो घरून काम करत होता. हलवल्या. मिरची कानाशी धरून हलवायची, आत बी खुळखुळलं की झाली. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. धणे आणि मिरी भरड. जिरं थोडं. वाळलेल्या लसणाची पूड, सुंठ. साखरेच्या जागी खजुराची पूड. दुकानदार लाडाने म्हणाला होता, हबीबती, केकसाठी? मी म्हटलं, कोंबडीसाठी. त्याने मान हलवली. आंबटाला लूमी, म्हणजे इथलं वाळून काळं पडलेलं लिंबू; त्याच्या बिया काढल्या नाहीत तर कडवटपणा येतो, म्हणून एकेक फोडून बिया वेचल्या. मिक्सर फिरवायचा तो थांबत थांबत, नाहीतर गरम होऊन गोळा होतो. बोटांत घेतल्यावर वाळूसारखं सुटं राहिलं पाहिजे.

टेस्टिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, दुसरा प्रयोग करायचा होता, पण पार्टीच्या ऑर्डरसाठी स्मोकर लागला. म्हणजे गुरुवार हाच प्रयोग आणि हीच परीक्षा. शेफ म्हणाले, "इन्शाल्ला." मी म्हटलं, "तुम्ही तरी असं म्हणू नका."

गुरुवारी सकाळी सातला दोन्ही टर्की धुरात गेल्या. शेफनी स्मोकरच्या कडीला एक एप्रन बांधला आणि गाठ मारली. "मॅडम, ये खोला तो मैं केरला वापस." मी ऑफिसात बसले. उठले. पार्किंगमध्ये गेले. डिलिव्हरीच्या गाड्या मोजल्या, परत आले, एप्रनची गाठ पाहिली. तिला हात लावला. काढला. पाठीला छोटी जागा असते, ती नीट भाजली. अख्ख्या पक्ष्यावर तसंच होईल कशावरून? खजूर करपला तर? हे कुणाला विचारू? मायशी तर बोलणंच बंद होतं. अकराला तिचाच फोन आला. "झाली का तुझी धूळ?" मी म्हटलं, "धुरात आहे." ती म्हणाली, "मग दार उघडत नसशील ना सारखी? तू लहानपणी भाकरी फुगू द्यायची नाहीस." आणि फोन बंद.

एकला शेफनी गाठ सोडली. माझी टर्की जुन्या विटेच्या रंगाची होती, कुठेही काळी नाही. आतून चौऱ्याहत्तरच्या वर. ते मीच तपासलं आणि लिहिलं, योग्य रकान्यात.

टेस्टिंगला मॅनेजर बाई, सेल्सचे साहेब आणि दोन जुनी गिऱ्हाइकं. प्लेट ए, प्लेट बी. माझी बी. मला आत बसू दिलं, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. एका गिऱ्हाइकाने ए खाल्ली, पाणी प्यायलं, कागदावर काही लिहिलं. बी खाल्ली, आणि लिहायचं सोडून दुसरा तुकडा घेतला. सेल्सच्या साहेबांनी विचारलं, "शेफ, बी कुठून मागवली?"

मी शेफकडे बघितलं. त्या क्षणी ते काहीही बोलू शकले असते. किचन त्यांचं, टर्की त्यांची.

ते म्हणाले, "मागवली नाही, सर. मॅडमनी बनवली. मी फक्त दार बंद ठेवलं."

मॅनेजर बाईंनी तिसरा तुकडा घेतला आणि विचारलं की मीठ कमी का घातलंय. मी म्हटलं, "घातलंच नाही," आणि वेष्टन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग ते शेफनी वाचलं, मग साहेबांनी. ए प्लेट तशीच पडून होती.

घरी जाताना मी मायला सांगितलं, माझी धूळ निवडली. ती म्हणाली, "कच्चीच ना?" मी म्हटलं, "कच्चीच." "बरं," ती म्हणाली, "मला कृती पाठव. इथल्या कोंबडीवर करून बघते, मग सांगते." अजून तिने सांगितलेलं नाही.

त्या डिसेंबरात आमच्या किचनमधून गेलेल्या प्रत्येक टर्कीला मी बनवलेला मसाला होता. जानेवारीत मी प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये रुजू झाले. आमच्या घरात शिकलेली मी पहिली होते. जे शिकले तेच काम करणारीही आता मीच पहिली आहे.