हातमोज्यातला बर्फ

नव्या शतकाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या वर्क परमिटवर आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात राहायला गेलो. मुलगी इयर थ्रीमध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांची असताना पेरेंट्स इव्हनिंगला तिच्या वर्गाच्या तरुण बाई म्हणाल्या, "हुशार आहे. पण तिचं उत्तर बरोबर असलं तरी मी 'आर यू शुअर?' विचारलं की लगेच खोडून टाकते. मला फक्त ती विचार कसा करते, ते ऐकायचं असतं."

मला रागच आला. बरोबर आलेल्या उत्तराला कशाला नाट लावायचा, म्हणून मी घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

नवरा शांतपणे म्हणाला, "तूही विचारतेसच की, 'नक्की?' पण फक्त चुकलं तर."

खरं होतं. पोळ्या लाटता लाटता मी तिला गणितं घालायचे. बरोबर आलं की "पुढचं", चुकलं की "नक्की?" माझ्या आईनं मला असंच शिकवलं होतं, आणि त्यात काही वावगं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. त्या रात्री जेवण काही गोड लागलं नाही.

शनिवारी सायन्सचा होमवर्क होता. बर्फाचा एक खडा प्लेटमध्ये ठेवायचा, दुसरा लोकरीच्या हातमोज्यात. आधी कुठला वितळेल?

"प्लेटमधला. ग्लव्हमध्ये बाहेरची हीट जाणार नाही ना," ती म्हणाली.

मी हरखले. बाईंसारखं करून बघावं म्हणून जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "नक्की?"

"सॉरी आई. ग्लव्हमधला. तो वॉर्म असतो."

त्या 'सॉरी'नं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, तुझं चुकलं असं मी कुठं म्हटलं?"

"पण तू 'नक्की' म्हणाली ना."

खरं उत्तर सांगून टाकायला जीभ वळवळत होती. पण म्हटलं, थांबू या, बर्फच सांगेल तिला, आणि दोन्ही खडे ओट्यावर मांडून ठेवले. दुपारी आम्ही दोघी ओट्याशी जाऊन उभ्या राहिलो. प्लेटमध्ये नुसतं पाणी होतं. हातमोजा उलटा केला तर आतला खडा ओट्यावर पडला, झिजून निम्मा झालेला.

"आता सांग. आधी कुठला वितळला?"

"प्लेटमधला."

"नक्की?" सवयीनं तोंडून निघूनच गेलं.

पाणी समोर होतं, बर्फ समोर होता. तिनं दोन्हीकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत ती हळूच म्हणाली, "नाही?"