मागच्या पायरीवरचा भात

माझ्या नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती दिवाळीच्या नव्या चपलेनं. दीड महिना झाला तरी भरेना. जव्हारच्या दवाखान्यातून आम्हाला नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. मग पाऊल. भात बंद. भाकरी, पोळी, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. अंडी खा, मासळी खा, पालेभाजी खा, डाळ वाटीभर." बाहेर येऊन नवरा मला म्हणाला, "मग मी जेवायचं काय?" मी म्हटलं, "पाय पाहिजे का भात, ते आधी सांग."

आम्ही मूळचे मोखाड्याकडचे, पोशेऱ्याचे. नवरा जव्हारला एका कचेरीत कारकून आहे. घरात चार माणसं होतो, आम्ही दोघं, नववीतली लेक आणि सासू. सासरे गेल्यावर सासूला आम्ही इकडे आणलं, तेव्हा ती टोपलीत तीन कोंबड्या घालून आली, त्यासुद्धा एसटीच्या कंडक्टरशी भांडून. आमच्यात अहो-जाहो नाही. सासूला मी आई म्हणायचे आणि तूच म्हणायचे, ती मला बाय म्हणायची.

मी पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. ते काम काय असतं ते इथंच सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. पोरांची वजनं करायची, दंडाला पट्टी लावायची, कोण सुकत चाललंय ते हेरायचं. आमच्या भागात हे काम म्हणजे खेळ नाही. पाड्यात शिरले की दिसेल त्या बाईला माझा पहिला प्रश्न, "पोरगं जेवलं का? काय जेवलं?" नुसतं "जेवलं" म्हटलेलं मला चालत नाही. सरळ आत जाऊन पातेल्याचं झाकण उघडून बघते. बाया मला तोंडावर बाई म्हणतात आणि मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. फटकळ आहे मी, पण माझ्या वहीतलं एकही पोर माझ्या नजरेतून सुटलं नाही, हा माझा तोरा होता.

तर घरी आल्यावर मी पदर खोचला. पहिल्यांदा चूकच केली. आम्हा डोंगरातल्या माणसांना नागली, तुमची नाचणी, म्हणजे औषध. भात बंद तर बंद, नागलीची भाकरी कशाला वाईट, असं म्हणून मी त्याला दोन्ही वेळा तीन-तीन भाकऱ्या वाढल्या. पंधरा दिवसांनी साखर होती त्याच्याही वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाकरी बंद सांगितली होती ना मी?" मी म्हटलं, "पण ती नागलीची होती, मॅडम." त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि घरात दोन स्वयंपाक सुरू झाले.

एका शेगडीवर आम्हा तिघींचा भात आणि उडदाची आमटी. दुसरीवर त्याचं, शेवग्याचा पाला, अंड्याची पोळी, बाजारच्या दिवशी ओले मासे, नाहीतर सुकट. सकाळी सहाला उठून हे दोन्ही करायचं आणि साडेनऊला पाड्यावर पोचायचं. लेक कुरकुरायची, "बाबांना रोज दोन अंडी, मला एक पण नाही." मी म्हणायचे, "तुझा अंगठा सडायला लागला की तुला पण देईन." असलं बोलायचे मी. आणि नवरा ताटाकडे बघत बसायचा. भाजीबरोबर कालवायला काही नाही, बोटांना काम नाही. चार घासांत त्याचं उरकायचं, मग आमच्या भाताच्या वाफेकडे बघायचा. मला वाईट वाटायचं, पण मी डोळ्यांत तेल घालून त्याच्या ताटावर बसले होते. फक्त त्याच्याच.

भात किती टाकायचा ते सासू ठरवायची. पोशेऱ्याचाच तांदूळ, माणशी एक ओंजळ, चार माणसांच्या चार. त्याचा भात बंद झाल्यावर मी तीन ओंजळी टाकायला लागले तर तिनं माझा हात धरला. "चार टाक. तो हाये ना घरात." जितं माणूस घरात असताना त्याच्या वाटणीचा भात चुलीवर न चढवणं तिला अभद्र वाटायचं. मी म्हटलं, "उरेल की." ती म्हणाली, "उरला तं कोंबड्या खातील." बरं बाई, म्हटलं, चार तर चार.

ती सगळ्यांच्या मागून जेवायची. पोशेऱ्यालाही तसंच, सगळे उठले की चुलीशी बसून पातेल्यातलं घ्यायची. रात्री मी म्हणायचे, "आई, ये की जेवायला." ती म्हणायची, "तुम्ही जेवा, मी खाईन मागनं." मला तरी कुठे वेळ होता? माझी जेवणं उरकली की मी मोबाईल घेऊन पोरांची माहिती भरत बसायचे, कोणाचं वजन किती, कोण लाल रकान्यात, कोण पिवळ्या. सकाळी पातेलं घासलेलं असायचं. मी समजायचे, जेवली.

सहा महिन्यांत अंगठ्याची जखम भरली. साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली, खरंच थोपटली, आणि मी फुगले. कोंबड्याही अशा अंडी घालायला लागल्या की काय सांगू. तिन्ही कोंबड्यांची मिळून रोज दोन तरी मिळायचीच. शेजारीण विचारायची, काय घालता त्यांना? मी म्हणायचे, "आमच्या आईचा हात आहे तसा." सासू हसायची. तोंडाला पदर लावून हसायची.

मला दिसत नव्हतं असं नाही. तिच्या बांगड्या हातातून निसटायला लागल्या तेव्हा तिनं त्यांना दोरा गुंडाळला, तो मीच तिला दिला. चोळ्या सैल झाल्या, मीच टाके घातले. मनात म्हटलं, म्हातारपण. परक्याच्या पोराचा दंड बोटभर कमी झाला तर मी घर डोक्यावर घेते, आणि इथं माझ्या हातानं टाके घालत होते.

गणपती उठले त्याच्या दोन दिवसांनी आमची तालुक्याची मीटिंग रद्द झाली आणि मी अकरालाच घरी आले. पुढचं दार उघडंच होतं. मागच्या पायरीवर सासू बसलेली. मांडीवर तिचं ताट, ताटात भात, शिगोशीग. आणि ती मुठीनं तो कोंबड्यांना टाकत होती. सावकाश, मायेनं, एकेकीला बोलावून.

माझ्या तोंडाचा पट्टाच सुटला. "अगं आई, काय चाललंय? एक शीत सांडलं तर पोरीला ओरडतेस आणि ताटभर भात कोंबड्यांना? हा तुझा भात आहे ना? तू काय खाल्लंस?"

ती दचकली. ताट पदराखाली घ्यायला गेली, लहान पोर चोरलेलं लपवतं तशी. मग म्हणाली, "चहा घेतला. आंबील प्याले."

"आंबील म्हणजे जेवण का?"

"बाय, त्यानं भात नाय खाल्ला. पोऱ्या उपाशी असता मी कशी खाऊ?"

"तो उपाशी नाही! तो दोन अंडी खातो, मासे खातो—"

"ते औषध. भात कुठं जेवतो तो?" आणि मग कोंबड्यांकडे बघून, मला समजावल्यासारखं म्हणाली, "ह्या खातात तं अंडी देतात. अंडं तो खातो. म्हंजे त्याच्याच पोटात जातो ना भात. माझा पण, त्याचा पण."

मी मनात हिशेब केला. त्याचा भात बंद झाला तेव्हापासून ते गणपतीपर्यंत. सकाळचा तिचा भात, रात्रीचा तिचा भात, सगळा कोंबड्यांना. आणि अंड्याला, मासळीला तिनं कधी बोट लावलं नाही, कारण ते त्याचं औषध. दोन शेगड्या पेटत होत्या माझ्या घरात, आणि तिच्यासाठी त्यातल्या एकीवरही काही नव्हतं.

माझ्या पिशवीत पट्टी होती. पाच वर्षांखालच्या पोरांचे दंड मोजायची. मी तिथंच पायरीवर बसून ती तिच्या दंडाला लावली. मोठ्या माणसाला पुरू नये अशी ती पट्टी सबंध फिरली आणि वर शेपूट उरलं. ती म्हणाली, "मला कया लावते? मी कया लेकरू हाये?" दुपारी रिक्षा करून तिला पाड्यावर नेली आणि गरोदर बायांच्या काट्यावर उभी केली. एकोणतीस किलो.

संध्याकाळी नवरा घरी आला. मी शांतपणे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी आधी त्याच्यापुढे ताट ठेवलं, त्यात अंड्याची पोळी, आणि तो पहिला घास घेणार तेवढ्यात म्हटलं, "बघ, खा. तुझ्या आईनं स्वतःच्या पोटातलं काढून घातलंय ते." खरं तर मला माझ्यावर ओरडायचं होतं. जो समोर होता त्याच्यावर ओरडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घास ताटात ठेवला, हात धुतले आणि आईपाशी जाऊन बसला. त्या दिवसापासून त्यानं अंड्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झालाय आणि अंगात लढायला काही उरलेलं नाही. थोडं थोडं खायला घाला. आम्ही पेज केली, मऊ भात केला. ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी गोड बोलले, मी रडले, मी रागावले. काही नाही. शेवटी नवरा मला म्हणाला, "मला भात वाढ."

जखम भरली होती, पण साखर काय, दारात उभीच असते. नऊ महिने मी त्या एका गोष्टीसाठी जीव काढला होता. मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं आणि भात वाढला. त्यानं आमटी घातली, कालवला, आणि आईच्या खाटेशी बसून घास घेतला. किती दिवसांनी त्याची बोटं भातात गेली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यानं गिळेपर्यंत. मग तिनं तोंड उघडलं. तो एक घास खायचा, तिला एक भरवायचा. पाच घास खाल्ले तिनं. मग म्हणाली, "जेवला आता माझा पोऱ्या." आणि माझ्याकडे वळून, "बाय, तू जेवलीस का?"

चार दिवस तो तिच्याबरोबर दोन्ही वेळा भात जेवला. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. पाच घासांवर कोण उठतं! सहा महिने आधी बघितलं असतं तर उठली असती. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, हेच तर मी रोज बायांना सांगत फिरते.

तिचं कार्य झालं, पाहुणे पोशेऱ्याला परतले. नवऱ्याची साखर पुन्हा चढली होती. मी परत त्याच्यासाठी वेगळं करायला लागले, तोही मुकाट्यानं खायला लागला, अंडी सोडून. फळीवर एका टोपलीत तिच्या शेवटच्या दिवसांतली सहा अंडी तशीच होती. तिनं भात घातलेल्या कोंबड्यांची. ती खायला सगळ्यांच्या जिवावर येत होतं आणि टाकून द्यायला हात होत नव्हता.

एका रविवारी नवरा ती टोपली घेऊन माझ्यापुढे आला. म्हणाला, "उकड ही. खराब होतील." मी पाण्यात सोडून बघितली, एकही तरंगलं नाही. मोठ्या पातेल्यात सहाही उकडली. दुसरी शेगडी पेटवलीच नाही. ताटं मांडली, प्रत्येकी दोन अंडी आणि मीठ. लेकीनं विचारलं नाही, भात कुठाय म्हणून. नवऱ्यानं अंडं हातात घेऊन कितीतरी वेळ नुसतं धरलं. मग खाल्लं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो खात होता. आम्हीही खाल्लं. त्याचा भात बंद झाल्यापासून पहिल्यांदा आमच्या घरात सगळ्यांचं जेवण एका पातेल्यात शिजलं होतं.

मी टरफलं गोळा केली आणि मागच्या दारी गेले. कोंबड्या पायरीशी येऊन उभ्याच होत्या, तिची वाट बघत. मी टरफलं चुरून टाकली, घरात जाऊन सकाळचा उरलेला भात आणला, तोही टाकला. मग तिच्या जागेवर बसले. वर्षभर पाड्यावरच्या एकेका बाईला विचारलं होतं, फक्त हिला विचारायचं राहिलं होतं. तेव्हा मोठ्यानं विचारलं, शेजारणीला ऐकू गेलं तरी चालेल, "आई, जेवलीस का गं?"