मनिषाबाईंचा कादंबऱ्यांचा लिलाव

हर्णेच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. कादंबरी या प्रकाराशी माझं काही देणंघेणं नाही. पण मनिषाबाई पावसे मराठी शिकवतात कसल्या, विकतात! बाईंचे वडील बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. तोच आवाज बाईंनी नववीच्या वर्गात आणलाय. महिन्यातून एकदा टेबलावर कादंबऱ्या मांडायच्या आणि एकेक उचलून पुकारायची. पैसे नाहीत, बोली कामाची. कोणी फळा पुसतो, कोणी वर्ग झाडतो. पुस्तक ज्याला मिळेल त्याने ते वाचून वर्गाला गोष्ट सांगायची. शेजारच्या वर्गात माझं बीजगणित त्या गोंगाटात वाहून जातं, पण बाईंना सांगणार कोण?

गेल्या सप्टेंबरात मात्र बाई पेचात होत्या. नववीतली मैना, नेपाळहून आलेल्या खलाशाची मुलगी, वर्षभरात कोणाशी धड बोलली नव्हती. पोरं तिला चिडवायची. शेवटी तिचा बाप दाखला मागायला आला. "इथे हिचं कोणी नाही. आजीकडे गावी पाठवतो," म्हणाला. बाईंनी हातापाया पडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

मग पोरांना मैनाचं दुःख कळावं म्हणून शोधून शोधून त्यांनी एक कादंबरी आणली. परक्या देशात आसरा मागत फिरणारं कुटुंब, पानोपानी हाल. स्टाफरूममध्ये वाचताना बाई स्वतः ढसाढसा रडल्या. आणि लिलावात बोलीच लागेना!

"बाई, ह्यात सगळी नुसती रडतायत," नितेश म्हणाला. मैनाचा बाप ज्या बोटीवर आहे, तिच्या मालकाचा हा मुलगा. एक नंबरचा वात्रट.

बाई भडकल्या. "मग ही घ्या!" म्हणत त्यांनी दुसरी उचलली. गुहागरचा तरुण नोकरीला मुंबईत जातो, गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहतो. नितेशने आठवडाभर झाडू मारायची बोली लावली. मागच्या बाकावरून आवाज आला, "महिनाभर."

मैना! पोरं फिदीफिदी हसली, "हिला काय कळणार आमचं?" पण बोली ती बोली.

मैना गोष्ट सांगायला उभी राहिली त्या शनिवारी मीही खडू टाकून दारात गेलो. पोर अडखळत होती, पण थांबली नाही. खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक. उपाशी असला तरी आईला फोनवर "मजेत आहे" सांगणारा तो तरुण. त्याला "ए कोकण्या" म्हणून हाक मारणारा साहेब. वर्गात एकच कालवा, "आमचा काका अस्साच!" "दादा पण!"

"माझा बाबा पण," मैना म्हणाली. "आजीला सांगतो, मजेत आहे. त्याला पण इथे नावाने कोणी हाक मारत नाही."

नितेशचे कान लाल झाले. चार वर्षं तो माणूस त्यांच्या बोटीवर, आणि यांच्या घरात सगळे त्याला 'बहादूर' म्हणायचे.

"काय गो नाव तुझ्या बाबाचं?" त्याने विचारलं.

"दिलमान."

त्याच संध्याकाळी मी मासळी घ्यायला बंदरावर गेलो होतो. बोट लागली तसा नितेश वाळूवरून ओरडला, "ओ दिलमानकाका, सुरमई आहे काय?" कोणाला बोलावतायत म्हणून दिलमानने मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. मग असा हसला तो, की खोटं कशाला बोलू, माझेच डोळे भरून आले.

सोमवारी दिलमान शाळेत आला. मी धसकून विचारलं, "दाखला न्यायला आलास?"

"दाखला नको सर," तो म्हणाला. "गावी मला दिलमान म्हणणारी एक आई तेवढी उरलीय. इथे आता सगळं बंदर म्हणतंय."