पहिलंच काडतूस

ओनी सारी या माणसाला खुर्ची कधी मानवली नाही. सत्तरी उलटली तरी जेवताना तो दोनदा उठायचा, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढली, खाण बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायला लागला, आणि अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठावर चार गावांत त्याचा शब्द चालू लागला. तोंडाने फटकळ, पण हाताला यश होतं. बंदूक रुसली की लोक ती ओनीच्या टेबलावर टाकून निर्धास्त घरी जात.

असा हा चुळबुळ्या माणूस वर्षातले पंधरा दिवस मात्र दगड व्हायचा. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडला, शाळांना सुट्टी लागली, की जंगलातल्या कॅम्पवर ओनीचं राज्य सुरू. कॅम्प म्हणजे दोन खोल्यांचं लाकडी घर, एक सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि ओनीचे नियम. खिशात किल्ल्या नकोत, चिल्लर नको. कोटाला चेन नको, बटणंच हवीत. शिंक आली तर गिळायची. काडतूस नळीत ढकलणारा बंदुकीचा बोल्ट तर असा पुढे सरकवायचा, की झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतोय. हरीण बघून पळत नाही, ऐकून पळतं, हे त्याचं पालुपद ऐकून माणसं विटली होती.

एकच व्यक्ती विटली नव्हती. त्याची बायको, ऐली. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात त्याने तिला बंदूक धरायला शिकवलं, आणि पुढे एकेचाळीस वर्षांत तिने एक मोसम चुकवला नाही. ओढ्याकाठी हेमलॉकच्या झाडाखाली हरणाची वाट बघत बसायला फळ्यांचा एक आडोसा होता, तो तिचा. पहाटे ती तिथे एकटी जायची, दुपारी एकटी परतायची. वर्षभर तिने घर, मुलं, नवऱ्याची भुणभुण सगळं सोसलं, पण त्या आडोशात नवऱ्यालाही मज्जाव होता.

मार्चमध्ये ऐलीला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजव्या हाताची बोटं चालत होती, मनगट मात्र वळेना. तिच्या जुन्या बंदुकीचा बोल्ट दर गोळीनंतर उचलून मागेपुढे करावा लागे, आणि ते सगळं मनगटाचं काम. सप्टेंबरमध्ये ओनीने तिला न सांगता नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणली. सुरुवातीला एकदाच डावा हात वरून पलीकडे नेऊन बंदुकीच्या उजव्या अंगाचा दांडा ओढायचा, पुढची काडतुसं बंदूक आपली आपण भरते. ऐलीने ती हातात तोलून पाहिली आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हसली.

पण बंदूक काडतूस घेईना. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दोघं खडीच्या खाणीत नेम धरायला गेली. ऐलीने चार काडतुसांचं मॅगझिन लावलं, दांडा ओढला, चाप दाबला, आणि काही झालं नाही. काडतूस नळीच्या तोंडाशी तिरकं अडकून बसलं होतं. ओनीने ते काढलं, स्वतः भरलं, चारही गोळ्या सुतासारख्या सरळ गेल्या. बंदूक पुन्हा ऐलीकडे, पुन्हा अडकलं. ऐलीने पाच वेळा भरली, तीनदा अडकली. परतताना गाडीत ऐली खिडकीबाहेर बघत राहिली आणि ओनी विनाकारण वायपर चालू-बंद करत राहिला.

मग सुरू झाली त्याची धावाधाव. कारखान्यातून फासून आलेलं सगळं ग्रीस त्याने धुऊन काढलं, हलकं तेल दिलं. मॅगझिनच्या वरच्या कडा मोजल्या. दुसरं मॅगझिन आणलं. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आणून प्रत्येकावर काळ्या पेनाने नंबर टाकला, आणि कुठलं मॅगझिनमध्ये कितवं भरलं ते वहीत टिपत गेला. त्याच्या हातात साठ गोळ्या उडाल्या, एक अडली नाही. ऐलीच्या हातात मात्र तेच. दुसऱ्यांच्या बंदुका कोपऱ्यात साचल्या, त्यांचे मालक फोन करून थकले, आणि ओनीने फोनवर टॉवेल टाकून दिला.

शेजारचा ड्वेन पेल्टियर रोज कॉफीला यायचा. त्याने दोन दिवस गंमत बघितली, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"म्हाताऱ्या, सबंध जिल्ह्याच्या बंदुका नीट करतोस आणि घरचीच चालत नाही होय? बंदूक ठीक आहे रे. काय ठीक नाही ते तुलाही ठाऊक आहे."

ओनीने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि दार उघडून धरलं. ड्वेन गेला, बोलणं मागे राहिलं. कारण पहिल्या दिवसापासून ओनीच्या डोक्यात तेच कुरतडत होतं. म्हणूनच ऐली दांडा ओढायला डावा हात पुढे नेई, तेव्हा तो कधी निशाणाकडे पाही, कधी स्वतःच्या बुटांकडे. लकव्याचं वारं डाव्या बाजूलाही लागलं की काय, हे त्याला बघायचंच नव्हतं.

बारा तारखेला ऐली पॅस्टीत, म्हणजे मोठ्या खाऱ्या करंजीत, सलगम आणि मांस भरत होती. ओनीने बऱ्याच येरझाऱ्या घालून शेवटी विषय काढला, की यंदा आडोशात दोघं बसू, बंदूक मी भरून देईन. ऐलीने सुरी खाली ठेवली.

"मग मी येतच नाही. शिकार तुला करायची असेल तर कर, मी घरी बसून पाव भाजते."

ती हे शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणाने त्याची पाचावर धारण बसली. एकदा घरी बसली की ती पुन्हा उठणार नाही, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शेडमधली अडकलेली काडतुसं टेबलावर ओळीने मांडली. एकूण अकरा. त्यांचे नंबर वहीशी ताडून पाहिले आणि हातच थांबला. अकराच्या अकरा मॅगझिनमधली पहिली होती. दुसरं, तिसरं, चौथं एकदाही अडकलं नव्हतं. म्हणजे मॅगझिनचा दोष नाही, काडतुसांचा नाही, बंदुकीचाही नाही. बंदूक स्वतः भरते ती बिनबोभाट जातात, हाताने भरलेलं तेवढं अडतं. पोरासोरांनाही दिसावं ते या उस्तादाला दहा दिवस दिसलं नव्हतं. आणि आता हाताकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बंदूक आणि बिनदारूची डमी काडतुसं घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. एकदा भरून दाखव, म्हणाला. ऐलीने हात पुसले. ओनी समोर उभा राहिला आणि या खेपेस त्याने नजर हलवली नाही.

डावा हात वरून पलीकडे गेला. दांडा पकडला, ठाम, पार शेवटपर्यंत मागे ओढला. कंप नाही, थरथर नाही. मग तोच हात दांडा न सोडता हळूच पुढे आला. इतका हळू, इतका अलगद, की एवढासासुद्धा आवाज झाला नाही. काडतूस तिरकं अडकलं.

ओनी मटकन खुर्चीत बसला.

"सोड," तो म्हणाला. "दांडा मागे ओढ आणि सोडून दे. स्प्रिंगला आपल्या जोराने धावू दे, तू तिचं बोट धरून चालवतेस. मी तपासताना सोडूनच देतो."

"खाडकन वाजेल."

"वाजू दे."

"तूच तर शिकवलंस, आवाज..."

"चुकलं माझं. म्हणजे तेव्हा नाही चुकलं. या बंदुकीला ते चालत नाही."

ऐलीने दांडा ओढला, सोडला. खाडकन आवाज झाला, काडतूस आत बसलं. तिने ते काढलं, पुन्हा भरलं. दहा वेळा भरलं, दहाही वेळा बसलं. ओनी बोटांवर मोजत होता. मग तिने बंदूक टेबलावर ठेवली.

"दहा दिवस तुला वाटत होतं, माझा दुसराही हात गेला."

खोटं बोलायला वाव होता. "हो," ओनी म्हणाला.

"भरताना मी दरवेळी तुझ्या तोंडाकडे बघायची. तू माझ्या हाताकडे बघतोस का ते. तू बघतच नव्हतास. त्यावरूनच मी समजले, की गेला."

ओनीने तिचा डावा हात धरला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

पंधरा तारखेला पहाटे ऐली रिकामी बंदूक खांद्याला अडकवून ओढ्याकडे निघाली. ओनी कॅम्पच्या दारापर्यंत गेला, तिने मागे वळून नुसतं पाहिलं, तो तिथेच थांबला. मग आपल्या टेकडीवर जाऊन बसला. बर्फ बारीक पडत होतं. उजाडायच्या जरा आधी, बंदूक भरायची मुभा असते त्या वेळेला, ओढ्याच्या बाजूने तो आवाज आला. खाडकन, एकदाच. पाव मैलातलं प्रत्येक हरीण त्या आवाजाने जागं झालं असेल.

दुसऱ्यांदा आला तर काडतूस पुन्हा अडकलं असं समजायचं. ओनीचे पाय आपोआप उठू लागले, त्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. झाडांचे बुंधे एकेक करून दिसू लागले, कावळे ओरडले, त्याच्या टोपीवर बर्फ साचलं. तो आवाज पुन्हा आला नाही.