हिरव्या साडीचे चार हजार

१२ मार्च २०२४, मंगळवार. चार हजार रुपये, म्हणजे साधारण पंचेचाळीस युरो. हजर: मी, बायको आणि मुलगी, नेदरलँड्समधल्या कापेलच्या घरी, नाश्त्याच्या टेबलाशी.

फोन गावाहून, आत्याच्या चेलीचा होता. "दादा, आत्या गेली. माहेराहून साडी आली की नेसवते. हिरवी सांगा."

आत्या म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. पंधराव्या वर्षी देवीला सोडलेला जोगता; तेव्हापासून साडी, हिरवा चुडा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती बसवलेली टोपली. आजी सांगायची, तिच्या आजीच्या काळी पाटलाच्या घरात जोगत्याची ओटी आधी भरायचे. मग इंग्रज साहेबाचा कायदा गावात पोचला. साडी नेसलेला पुरुष रस्त्यात दिसला की शिपाई त्याला चावडीवर नेऊन बसवायचा. साहेब गेला, लाज आमच्या घरात राहिली. माझ्या लग्नात आत्या मांडवाबाहेर जेवली.

मी इकडे यायला निघालो तेव्हा कपाळाला भंडारा लावून तिनं विचारलं होतं, "तिकडं थंडी लई म्हणं. साडीवर कसं भागतंय तिथल्या जोगत्यांचं?"

"तिथं जोगते नसतात, आत्या."

"असतात रे. तुला दिसत नसतील."

बाई गेली की शेवटची साडी माहेरच्या माणसानं स्वतः न्यायची असते. गावात आमचं माणूस एकच, थोरला भाऊ. म्हणून पैसे चेलीला न पाठवता मी त्याला पाठवले.

"आत्या आत्या काय लावलंयस?" तो फोनवर म्हणाला. "काका होता तो. तू तिकडं बसून साड्या वाट. मला इथं पोरीचं लग्न जमवायचंय."

"अण्णा, एवढी एकच साडी ने."

"बघतो."

दुपारी चेलीनं व्हिडिओ कॉल लावला. आत्याच्या अंगावर कोरं धोतर होतं. हात मोकळे, चुडा अण्णानं उतरवायला लावला होता. मुलगी एरवी माझ्याशी डचमध्येच बोलते. ती मराठीत म्हणाली, "बाबा, आत्याची साडी कुठाय?"

संध्याकाळी मी चेलीला साडीचे पैसे देऊ केले. "माती झाली, दादा," ती म्हणाली. "आता कुणाला नेसवू?"

आठवड्यानं अण्णाचा हिशेब आला. लाकडं, गाडी, धोतर मिळून नऊ हजार दोनशे. माझा निम्मा वाटा चार हजार सहाशे. साडीचे चार हजार त्यानं त्यातच धरले होते. उरलेले सहाशे मी त्याच दिवशी अण्णाला पाठवले.