चपलीच्या मापाचा खड्डा

आमच्या गावात लिंगायताघरी कुणी मेलं की पायाला शेवटचं माप महालिंगप्पाचं लागतं. लिंगायताचं मयत जाळत न्हायत. खड्ड्यात मांडी घालून बसवत्यात, हातात त्येचं गळ्यातलं लिंग देत्यात, वरून विभूती, बेल, मीठ आन् माती. खड्डा किती मोठा, तर ज्येच्या त्येच्या पायानं नऊ पावलं. आता मेलेला काय चालून दाखवत न्हाय. मग महालिंगप्पा येतो, टाचंपासून अंगठ्यापतुर सुतळी धरतो, गाठ मारतो आन् टिकाव खांद्यावर टाकून शेताकडं जातो. चाळीस वर्सांत दोनशेच्या वर खड्डे काढले, एकाचाबी कोपरा वाकडा न्हाय. हे तो स्वतः सांगत न्हाय, पण दुसऱ्यानं सांगितलं तर उठून जातबी न्हाय.

लगीन केलं न्हाय. बोलणं कमी. वाटंत कुणी भेटलं तर आधी त्येच्या पायाकडं बघतो, मग तोंडाकडं. पारावरची म्हातारी त्येला येताना बघून पाय धोतरात वढून घेत्यात.

असल्या माणसाच्या शेतात यंदाच्या फेब्रुवारीत पोलिसांच्या दोन गाड्या, एक जेसीबी, नायब तहसीलदार आन् सरकारी डॉक्टर आले. पंच म्हणून मला धरलं, कारण मला वाचता येतं आन् मी घरी होतो.

प्रकरण चोवीस वर्सांचं. महालिंगप्पाचा थोरला भाऊ महांतप्पा, त्येची बायको शांतम्मा, आन् त्यांचं एकुलतं एक पोरगं रेवणसिद्ध. दोन हजार सालच्या येळवसेला ते हरवलं. पाच वर्सांचं होतं.

येळवस म्हंजे मार्गशीर्षातली आमुशा. त्या दिवशी आमच्या भागात गावं रिकामी असत्यात. सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप करायची, पांडवं म्हणून पाच दगड पुजायचे, भज्जी-उंडे खायचे, आंबील प्यायची आन् बांधावरनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी पोरगं दिसत न्हाय म्हंजे कुणाच्या तरी खोपीत आंबील पीत आसंल, हे सगळ्यांनी धरलेलंच. रेवणच्या आईला वाटलं चुलत्याकडं हाय, चुलत्याला वाटलं आईकडं हाय, शेजाऱ्यांना वाटलं पलीकडच्यांकडं हाय. दुसऱ्या कुठल्याबी दिवशी तासाभरात बोंब उठली आसती. त्या दिवशी दिवस मावळेपतुर कुणी हाकसुद्धा मारली न्हाय.

विहिरी उपसल्या, उसाचे फड तुडवले, तुळजापूरच्या बसस्टँडवर फोटो चिकटवले. वढ्याच्या कडंला डाव्या पायाची एक चप्पल घावली, बास. शेवटी पोराला बघणारा महालिंगप्पा. "एक वाटी आंबील दिली, जा आईकडं म्हनलं," एवढाच त्येचा जबाब, तवाबी आन् आताबी. शांतम्माला तो पुरला न्हाय. त्या दिवसापास्नं ती दिराशी बोलली न्हाय. दोन घरांची भिंत एक, नळ एक. चोवीस वर्सं बाई घागर भरायची आन् मांजराला सांगायची, "नळ सुटलाय म्हनावं."

ती चप्पल तिनं कोनाड्यात ठेवली होती. आठेक वर्सांनी तीबी गेली. शांतम्मा माहेरी आळंदला गेली होती, परत आली तर कोनाडा रिकामा. तेबी तिनं दिराच्याच नावावर टाकलं.

त्यात ती निम्मी बरोबर होती. चप्पल नेली तिच्या नवऱ्यानं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात महांतप्पा ती घेऊन भावाकडं आला. म्हणला, "आता माझ्यानं वाट बघवंना. पोराला माती देऊ. मला झोप लागंल." महालिंगप्पानं विचारलं, मयत कुठाय? महांतप्पानं चप्पल म्होरं केली. दोघा भावांनी बाजारच्या दिवशी, भर दुपारी, चिंचंच्या अंगाला घराण्याच्या तवा सहा समाध्या होत्या त्यांच्या शेजारी आणखी एक खड्डा काढला. चप्पल आन् पोराचा एक सदरा ठेवला, बेल वाहिला, बुजवला. पुढं सहा वर्सांनी महांतप्पा मरायला टेकला तवा त्येनं भावाचा हात आपल्या गळ्यातल्या लिंगावर ठेवून वचन घेतलं: शांतीला कळू द्यायचं न्हाय. नवऱ्यानं पोराला मेलं धरलं, हे तिला कळलं तर ती मेल्यावरबी त्येला माफ करणार न्हाय, हे त्येला पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी शेतात हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आन् तो गप होता.

पोलिसांना आलेल्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की महालिंगप्पानं चिंचंच्या अंगाला लहान मापाचा खड्डा बुजवलेला या डोळ्यांनी बघितलाय. चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं. फक्त साल नव्हतं.

फौजदार मॅडम नव्या होत्या. पोरगं हरवलं तवा त्याबी पाचच वर्सांच्या असतील. त्यांनी सरळ विचारलं, "काका, इथं काय पुरलंय?"

"सात जण बसलेत. आजा, आजी, बा, आई, दोन चुलते आन् थोरला भाऊ, आण्णा."

"आठवा खड्डा कुणाचा?"

महालिंगप्पानं बांधाकडं बघितलं. बांधावर शांतम्मा बसली होती, डोक्यावर पदर, हातात काही न्हाय. मग त्येनं मॅडमच्या बुटाकडं बघितलं.

"ठाव न्हाय," तो म्हणाला.

"मेहुण्या-पाहुण्यातलं कुणी?"

"ठाव न्हाय."

हवालदार पिराजी कानात म्हणाला, "मास्तर, म्हातारा आत जातोय." मी काय मास्तर न्हाय, पण ज्येला वाचता येतं त्येला तो मास्तर म्हणतो.

जेसीबी लागला. पहिल्या दोन बकेटला महालिंगप्पा गप उभा राहिला. तिसऱ्या बकेटला बाजूची कड ढासळली, तसा त्येच्या तोंडातनं आवाज निघाला, पाय चेंगरल्यासारखा.

"थांबवा त्ये. कोपरा मोडाय लागलाय."

ड्रायव्हर हसला. "कोपऱ्याला काय करायचंय, आजा?"

"शेजारी आण्णा बसलाय. त्येच्या अंगावर माती पडंल. व्हा बाजूला."

आन् ज्येच्यावर खुनाचा संशय, तो माणूस धोतर खवून, फावडं घेऊन स्वतःच खड्ड्यात उतरला. मॅडमनी नायब तहसीलदाराकडं बघितलं, त्यांनी डॉक्टरकडं, डॉक्टरांनी आभाळाकडं. असं चालतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण काम झ्याक चाललं होतं. तासाभरात चारी कड्या वळंबा लावल्यासारख्या सरळ. पिराजी म्हणाला, "ह्येला सोडला तर माझ्या संडासाचा खड्डा ह्येलाच देणार."

मग फावडं थांबलं. महालिंगप्पा वाकला आन् तसाच राहिला. मॅडम खाली उतरल्या. मातीत प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत सदऱ्याचा चोळामोळा आन् लहान पोराची, डाव्या पायाची चप्पल. अंगठ्याचा पट्टा तांबड्या दोऱ्यानं शिवलेला.

बांधावरनं शांतम्मा कशी आली ते कुणाला दिसलं न्हाय. शिपाई अडवायच्या आत ती कडंला होती. चप्पल बघितली. दोरा तिनंच शिवला होता. तिनं ढेकूळ उचललं आन् दिराच्या पाठीत घातलं. दुसरं घातलं. तिसरं फुटलं.

"बोल मुडद्या! कुठाय माझं लेकरू?"

चोवीस वर्सांत त्येच्याशी ती पहिल्यांदा बोलली. महालिंगप्पानं पाठ म्होरं केली, तोंड न्हाय.

डॉक्टरांनी माती चाळून घेतली. दोन वेळा. हाड न्हाय, दात न्हाय, केस न्हाय. मॅडमचा आवाज चढला. "काका, शेवटचं विचारते. चप्पल इथं आहे, मुलगा कुठं आहे? नाही बोललात तर मला तुम्हाला न्यावं लागेल."

"न्या," महालिंगप्पा म्हणाला आन् दोन्ही हात म्होरं केले. हाताला माती होती म्हणून आधी धोतराला पुसले.

पंचनाम्यात वस्तूचं वर्णन लागतं. मॅडम म्हणाल्या, पिशवीवर काय छापलंय वाचा. मी माती पुसली आन् मोठ्यानं वाचलं. लोहाऱ्यातल्या एका साडीच्या दुकानाचं नाव, त्याखाली कमळ, आन् कमळाखाली "शुभारंभ, दसरा २००७".

मॅडम बोटावर मोजाय लागल्या.

शांतम्माला मोजायची गरज पडली न्हाय. चौथं ढेकूळ तिच्या हातात होतं, ते हातातच राहिलं. ती म्हणाली, "ह्याच दुकानाची साडी माझ्या पेटीत हाय. हिरवी. मी आळंदहून आले तवा ह्यांनी आणली हुती. जल्मात एकदाच न मागता आणली. मी म्हनलं, ह्ये काय आज? तर ह्ये म्हनले, आसंच."

जेसीबीवाल्यानं इंजन बंद केलं.

"भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं हुतं?"

महालिंगप्पा तिच्या पायाकडं बघत राहिला. वचन होतं. हो म्हणला न्हाय, न्हाय म्हणला न्हाय. पण शेजारच्या समाधीकडं त्येची मान वळली, ती त्येला आवरता आली न्हाय.

शांतम्मा नवऱ्याच्या समाधीपाशी गेली. हातातलं ढेकूळ तिथं मारलं. नेम बरोबर लागला.

मग परत आली आन् खड्ड्याच्या कडंला बसली. "माप कुठल्या पायाचं धरलं?"

आता हे महालिंगप्पाच्या धंद्यातलं होतं. त्येला बोलता आलं. "चपलीचं. नऊ बोटं पाय, त्येची नऊ पावलं. आण्णा म्हनत हुता पोरगं आता तेरा वर्सांचं झालं आसंल, पाय वाढला आसंल, मोठा काढ. लई भांडला. म्या म्हनलं, जो पाय म्या बघितला न्हाय त्येचा खड्डा काढायचा न्हाय."

"आन् तरी काढला."

"व्हय. चुकलं."

"चुकलंच. आज त्यो एकोणतीस वर्सांचा हाय. ह्यात त्येचा गुडघाबी बसंल का?"

महालिंगप्पानं खड्ड्याकडं बघितलं, खरंच मोजल्यासारखं. "न्हाय बसायचा."

"मग बुजवा."

मॅडमनी पंचनामा पुरा केला. चप्पल, सदरा, पिशवी जप्त. महालिंगप्पाला जबाबाला नेलं, पण हाड न्हाय आन् पिशवी पोरगं हरवल्यावर सात वर्सांनी छापलेली, म्हणून दुसऱ्या दिवशी सोडलं. ठाण्यात बसूनच त्येनं खड्डा बुजवायची, दाबायची आन् त्यावर औत फिरवायची व्यवस्था पिराजीकडनं लावून घेतली होती. पावसाळ्यात तिथं तूर पेरली. बाकीच्या तुरीपेक्षा ती हातभर उंच आली. खोल नांगरट झाली होती ना.

दोघं आता बोलत्यात. म्हंजे ती बोलते. सकाळी नळ सुटला की भिंतीपलीकडनं सुरू होते: चप्पल पुरलीस, भावाचं ऐकलंस, ढेकूळ खाल्लंस पण तोंड उघडलं न्हायस. चोवीस वर्सांचं साठलेलं हाय, एवढ्यात सरत न्हाय. महालिंगप्पा ऐकून घेतो आन् घागर भरून झाली की उचलून तिच्या उंबऱ्यात ठेवतो.

महिन्यातनं एकदा दोघं जीपनं लोहाऱ्याला जात्यात, ठाण्यात. जमादार कपाट उघडतो, पाकिटातली चप्पल दाखवतो. ती दोरा उसवला न्हाय ना एवढं बघते. मागच्या खेपेला मी बाजाराला गेलो होतो, सोबत होतो. जमादार चांगला माणूस. म्हणाला, "आजी, किती हेलपाटे घालता? मुलगा मयत आहे असं समजायला हरकत नाही म्हणून लिहून द्या. केस बंद होईल, चप्पल घरी घेऊन जा."

शांतम्मानं महालिंगप्पाकडं बघितलं. "भावजी, मयत कवा म्हनायचं?"

"पायाचं माप घेतल्यावर," महालिंगप्पा म्हणाला.

"घेतलंय का?"

"न्हाय."

"ऐकलं न्हवं?" ती जमादाराला म्हणाली. "ठेवा कपाटात. सरकारच्या कपाटात हाय तवर सरकार हुडकाय लागलंय." आन् पदर सावरून उठली. "चला भावजी, जीप भराय लागली."