शेवंताकाकूंचा शेक

लेकीचा फोन यायच्या आधी शेवंताकाकू रोज सकाळी कमरेला शेकायचा पट्टा बांधून बसायच्या. वायर खुर्चीमागं लोंबत असायची, कुठंच न लावलेली. काकू आता नाहीत, पण ते ध्यान डोळ्यांपुढून हलत नाही.

पट्टा वैशालीनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, अमेरिकेहून पाठवलेला. शुक्रवार पेठेत आमची दारं समोरासमोर, म्हणून तो लावून द्यायला काकूंनी मला बोलावलं. त्याच्या दोन चपट्या पिना आपल्या बोर्डात जाईनात. पिन बदलता आली असती, पण मागं एकशेवीस व्होल्ट लिहिलेलं. माझ्या दिरांनी तिकडून आणलेला हेअर ड्रायर आपल्या दोनशेतीसवर लावला होता, एकदाच! घरभर धूर. मी म्हटलं, "काकू, हा इथं लावला तर तुमच्या कमरेचं भरीत होईल. वैशालीला सांगून टाका, चालत नाही म्हणून."

"नगं बाई. ती रोज इचारती, 'आई, शेक घेतला का?' तेवढंच एक इचारती. न्हाय चालत म्हणलं, तर मग काय इचारंल?"

माझं डोकंच फिरलं. कंबर दुखतेय ती दुखतेय, वर हे नाटक! पण मंगळवेढ्याची बाई, ऐकतेय कुणाचं? नवरा गेल्यापासून त्या घरात बोलायला कुणी नव्हतं. घासताना काकू भांड्यांशी बोलायच्या.

उन्हाळ्यात बिंग फुटलं. व्हिडिओ कॉलवर काकू वर्तमानपत्रानं वारा घेत सांगत होत्या, "सकाळधरनं लाईट न्हाय बघ. जीव नकोसा झालाय." आणि त्याच दमात, "शेक? घेतीया की! लई गरम लागतंय."

वैशाली हळूच म्हणाली, "आई, लाईट नाही ना?"

तिनं लगेच इथल्या पिनेचा पट्टा घरपोच मागवून दिला. तो छान तापायचा. कमरेचं दुखणं पळालं, आणि रोजचा फोन रविवारवर गेला. "कशाला रोज करंल? बरं हाय की मला," असं म्हणत काकू फोन मांडीवर घेऊन बसून राहायच्या.

एका रविवारी मी त्यांच्याकडे शेंगा सोलत बसले होते. फोन स्पीकरवर टाकून बोलता बोलता काकू एकदम कण्हल्या, "कंबर बरी हाय, पर गुडगा लई दुखतुया गं."

सकाळीच ही बाई जिना चढून गच्चीवर माझ्यासोबत पापड घालून आली होती!

"सुमनताई, जरा बघता का? सूज आहे?" वैशालीचा आवाज घाबरला होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. नुसती विनवणी होती डोळ्यांत. मी त्यांच्या ठणठणीत गुडघ्यावर हात ठेवला.

"आहे गं थोडी," मी म्हणाले. "रोज फोन करून विचारत जा."